हरणाची रायफल आणि राणीछाप रुपया

भाचा विस्कॉन्सिनला असतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला तेव्हा मी देवघर आवरत होतो. "मामा, तीस-ओ-सिक्स घेऊ का तीनशे विन मॅग?" कसे आहात नाही, पाऊस कसा आहे नाही, थेट हेच. ही दोन रायफलच्या काडतुसांची नावं. त्याच्या ऑफिसातली मंडळी दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात, यंदा त्यालाही बोलावलंय. दुकानातल्या माणसानं कपाटातलं सगळ्यात मोठं काडतूस हातात दिलं आणि आमचा पोरगा भाळला. कोल्हापूरचा माणूस, मोठी गाडी आणि मोठा आवाज म्हटलं की पाघळणारच.

मी कधी जनावरावर बार काढलेला नाही. माझा सगळा अनुभव कागदाचा, म्हणजे .२२ रायफलनं ५० मीटरवरच्या टार्गेटवर मारायचं. ज्या खेळात तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलं, त्याच खेळाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर मी बरीच वर्षं उभा आहे. पण गोळी कागदावर जावो की हरणावर, तिचं गणित एकच असतं.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण हे वाचून कुणाच्या तरी डोक्यात दाजीपूरचं जंगल येईल. संस्थानी काळात इथं कोल्हापुरात शिकवलेले चित्ते सोडून काळवीट धरायचे, न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आजही उभी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते सगळं संपलं. आपल्याकडची सांबरं, भेकरं, पिसोरी दुर्बिणीतून बघायची, आणि ती दुर्बीण रायफलवर बसवलेली नसावी. विस्कॉन्सिनची गोष्ट वेगळी. तिथं व्हाइटटेल जातीची हरणं उदंड आहेत, शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, आणि बंदुका-काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा १९३७ च्या कायद्यानं वन्यजीवांच्या कामाला जातो.

"तुझा व्हिसा कुठला?" मी विचारलं. एच-१बी. "मग रायफलचं नंतर बघ, आधी शिकारीचा परवाना काढ." अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांत रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना येतो. आणि विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारी-सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय तो परवाना सहसा मिळत नाही. म्हणजे आधी कोर्स, मग परवाना, मग रायफल. आमचे साहेब दुकानापासून सुरुवात करून बसले होते.

आता काडतुसाकडे येऊ. आपण बोलताना गोळी आणि काडतूस एकच समजतो. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार: बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, पितळेची पुंगळी, तिच्यात दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळून वायू होतो, तो गोळीला नळीतून ढकलतो. नळीच्या आत पेचदार आटे असतात. त्यांत रुतून गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, म्हणून डगमगत नाही. पुंगळी मागं राहते. पेपरात 'घटनास्थळी तीन पुंगळ्या सापडल्या' असं येतं, ती हीच.

घोळ होतो तो नावांचा. .३०-०६, म्हणजे भाच्याचं तीस-ओ-सिक्स, त्यातला ३० हा नळीचा आतला व्यास, इंचाच्या शंभराव्या भागात, आणि ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकी लष्करानं ते स्वीकारलं ते वर्ष. यावरून .३०-३० हे १९३० चं असावं असं वाटेल. ते १८९५ चं आहे. दुसरा ३० त्यातल्या दारूचं ग्रेनमधलं वजन सांगतो. .३०८ मध्ये गोळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागात दिला आहे आणि गोळी .३०-०६ चीच जाडी असलेली. .२७० ची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंच. ६.५ क्रीडमूर तर थेट मिलिमीटरमध्ये. नाव ठेवणाऱ्यांनी एकदाही एकत्र बसून चहा घेतला नसावा.

त्यापेक्षा भावकी लक्षात ठेवायची. .३०-०६ च्या घराण्यात पुंगळीचं तोंड आवळून १९२५ मध्ये .२७० आलं. लष्करानं पुढं आखूड काडतूस हवं म्हटलं, त्यातून १९५२ ला .३०८ बाजारात आलं. त्याचं तोंड आवळून १९५५ ला .२४३, आणि १९८० ला ७ मिमी-०८. पहिल्या घराण्याला लांब बोल्टची, म्हणजे काडतूस नळीत सारणाऱ्या लांब दांड्याची, रायफल लागते, दुसऱ्याला आखूड. बाकी भाऊबंदकीत जसं असतं तसंच, भांडणं फार आणि फरक थोडा.

फोनवर मी हे सांगत होतो, पण भाच्याचं लक्ष 'ग्रेन'वर अडकलं होतं. प्रत्येक डब्यावर लिहिलेलं, १०० ग्रेन, १५० ग्रेन, १८० ग्रेन. "म्हणजे किती हो मामा? हातात काय लागतं?" समोर लक्ष्मीपूजनाचा डबा होता. त्यातून आजीचा राणीछाप रुपया काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

हा रुपया भरतो बरोबर एक तोळा, आणि तोळा म्हणजे १८० ग्रेन. इंग्रजांनी तोळा ठरवलाच तसा होता. गुजरीत कुणाही जुन्या सराफाला विचारा, तोळ्याचे बारा मासे, म्हणजे एक मासा १५ ग्रेन. तेव्हा १८० ग्रेनची गोळी म्हणजे हा अख्खा रुपया, १५० ग्रेनची म्हणजे दहा मासे. चांदीची अधेली ९० ग्रेनची, .२४३ ची १०० ग्रेनची गोळी तिच्याहून जराशी जड. चांदीची पावली ४५ ग्रेनची. माझ्या .२२ रायफलची गोळी ४० ग्रेन, पावलीहूनही हलकी. भाचा हसला, म्हणाला, "म्हणजे सगळं पावली ते रुपयाच्या मधेच आहे." तेवढंच आहे. शिकारीच्या दुनियेतली सगळी भांडणं या बारा आण्यांत चालतात.

वजन कळलं, आता वेग. गोळीत ताकद किती हे या दोघांवर ठरतं, पण दोघांचा मान सारखा नाही. वजन दुप्पट केलं तर ताकद दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. माझी पावलीएवढी .२२ ची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर जाते, तिची ताकद १४० जूलच्या आसपास. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी सेकंदाला ९०० मीटर जाते, वजन अडीचपट आणि ताकद २,६०० जूल. .३०८ ची दहा माशांची गोळी ८६० मीटर वेगानं निघते, सुमारे ३,६०० जूल. .३०-०६ त्याच गोळीला थोडं जोरात ढकलते, ३,८०० पर्यंत. आणि भाच्याला भुरळ घालणारं .३०० विन मॅग अख्खा रुपया ९०० मीटर वेगानं फेकतं, ४,७०० च्या वर.

मग मोठं घेतलेलं बरं, नाही का? इथंच मला त्याला थांबवावं लागलं.

व्हाइटटेलचा चांगला नर वजनाला साधारण आपल्या चितळाएवढा. आडवा उभा असताना पुढच्या पायाच्या मागं, छातीत, हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती साधारण २० सेंटिमीटरची. आपल्या ज्वारीच्या भाकरीएवढी. गोळी तिथं गेली तर .२४३ सुद्धा पुरून उरते. जनावर काही पावलं धावतं आणि पडतं. गोळी पोटात गेली तर .३०० विन मॅगनंही ते मैलभर जातं आणि कुठल्यातरी झुडपात रात्रभर तडफडतं. दुकानात जूल विकत मिळतात. भाकरीएवढ्या जागेत गोळी पोहोचवायचं काम विकत मिळत नाही.

आणि ते काम बिघडवतो तो खांद्याला बसणारा धक्का. माझ्या डाव्या भुवईवर एक पांढरी रेघ आहे, तिची गोष्ट सांगतो. एका स्नेह्यांकडे परवान्याची .३१५ होती. हे आपल्याकडचं खास काडतूस. साहेबाच्या काळात फौजेचं .३०३ सामान्यांच्या हाती पडू नये म्हणून वेगळी बोअर, म्हणजे वेगळ्या व्यासाची नळी, दिली गेली, तिची ही कथा. त्यांनी तिच्यावर हौसेनं दुर्बीण चढवली होती. त्यांच्या देखत मी एक बार काढायचा ठरलं. .२२ ची सवय, तिला धक्का असा नाहीच. मी गाल पुढं सरकवून, डोळा काचेला जवळजवळ चिकटवून चाप ओढला. पुढचं एवढंच आठवतं की चष्म्याची काडी तुटली होती आणि शर्टावर रक्त होतं. तीन टाके. चूक सगळी माझी, दुर्बिणीच्या काचेपासून डोळा साडेतीनएक इंच लांब ठेवायचा असतो हे मला ठाऊक होतं.

टाके आठवड्यात निघाले, धक्का मात्र डोक्यात राहिला. महिन्याभरानं आमच्या नेमबाजीच्या सरांनी एक खेळ केला. माझी .२२ त्यांनी स्वतः भरून दिली, पण दर वेळी भरलीच असं नाही, आणि मला सांगायचं नाही. दोन बार नीट गेले. तिसऱ्याला नळी रिकामी होती. चाप ओढला, बार झालाच नाही, आणि नळीचं टोक माझ्या डोळ्यांदेखत बोटभर खाली गेलं. आवाज नाही, धक्का नाही, तरी माझं शरीर त्या भुवईवरच्या दणक्याची आधीच तयारी करत होतं. बार झाला असता तर ती हालचाल कुणालाच दिसली नसती, मलाही नाही. नुसता म्हणालो असतो, आज रायफल खाली मारतेय.

साडेतीन किलोच्या रायफलमध्ये .२४३ चा धक्का .३०८ च्या जवळजवळ निम्मा. .३०० विन मॅगचा .३०८ च्या दीडपटीहून जास्त. पहिल्यांदा रायफल हातात घेणारा माणूस असल्या मॅग्नम, म्हणजे जादा दारूच्या, काडतुसाचे दहा बार काढतो, अकराव्याला डोळे मिटतो, आणि महागड्या ताकदीनं झाडाची साल काढून परत येतो. म्हणून माझं मत भाच्याला एका दमात सांगून टाकलं: .३०८ किंवा ७ मिमी-०८. खांदा नाजूक वाटला तर .२४३ किंवा ६.५ क्रीडमूर. शेवटचं २००७ चं, नवं पोरगं, लांबवर सरळ जातं म्हणून त्याचा फार गाजावाजा आहे. हरणाला आणि शंभर मीटरला त्याची गरज नाही, पण धक्का सौम्य आहे, तेवढ्यासाठी चांगलं.

"लांब मारायचं झालं तर?" हा प्रश्न येणारच होता. गोळी सरळ जात नाही. नळीतून निघाल्या क्षणापासून ती हातातून सुटलेल्या लिंबाइतक्याच ओढीनं खाली पडत असते, फक्त पडता पडता पुढं फार लवकर जाते. म्हणून नळी किंचित वर रोखून दुर्बीण अशी जुळवतात की १८० मीटरवर गोळी नेमात बसावी. .३०८ मध्ये तसं केलं तर शंभर मीटरवर ती दोनेक बोटं वर लागते, २३० मीटरवर चार-पाच बोटं खाली, आणि २७५ मीटरवर वीतभर खाली. भाकरीच्या मधोमध नेम धरला तर २३० मीटरपर्यंत काही हिशेब करावा लागत नाही. त्यापुढं तोच मधोमध नेम हरणाच्या पायात नाहीतर जमिनीत जातो. शिवाय विस्कॉन्सिनच्या दाट रानात शंभर मीटरपलीकडचं दिसायची मारामार. १८९५ चं ते जुनं .३०-३०, जे दोनशे मीटरच्या आत दमतं, अशाच झाडीत शंभर वर्षं पुरलं.

काडतूस ठरलं तरी गोळी कसली हे उरतंच, आणि लोक नेमकं इथं डुलकी काढतात. लष्करी गोळीला पूर्ण तांब्याचं कवच असतं. ती आरपार जाते, बारीक छिद्र पाडते, म्हणून अनेक राज्यांत शिकारीला ती चालतच नाही. शिकारीच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं ठेवतात. आत शिरल्यावर ते छत्रीसारखं उलगडतं आणि जनावर लवकर पडतं. फार पातळ कवचाची असेल तर ती हाडावर फुटून तुकडे होते, फार टणक असेल तर उलगडतच नाही. काही गोळ्यांत कवच शिशाला जोडून टाकलेलं असतं, काही नुसत्या तांब्याच्या. तांब्याच्या महाग असतात, पण शिशाचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात. तू ते मांस घरी नेऊन तांबडा रस्सा करणार असशील तर चार पैसे जास्त घाल, असं मी सांगितलं. कॅलिफोर्नियानं तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या बंदच केल्या.

रायफलबद्दल मला फार बोलायचं नाही. हातानं मागं-पुढं करायचा बोल्ट असलेली साधी घे. बिघडायला तिच्यात फारसं काही नसतं, आणि एक बार काढल्यावर हात हलवावा लागतो, त्यामुळं माणूस पहिलाच बार नीट मारतो. दस्ता खांद्याला लावल्यावर मान न ताणता डोळा दुर्बिणीमागं आला पाहिजे. हिवाळ्याचं जाकीट घालून बघायचं, कारण नोव्हेंबरात तिथं बर्फ असतं आणि जाडजूड कपड्यानं दस्ता पुढं ढकलला जातो. दुर्बीण तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, तीसुद्धा तीन पटावरच ठेवून हिंडायचं. नऊ पटावर जवळचं हरीण दिसतं म्हणजे नुसते तपकिरी केस दिसतात. उरलेला पैसा काडतुसांवर घालवायचा, सरावाच्या.

नियम मात्र राज्याराज्यांत बदलतात, आणि हे भाच्याला अजिबात माहीत नव्हतं. विस्कॉन्सिनला .२२ किंवा मोठं, पण मधोमध टोपी असलेलं काडतूस लागतं. माझ्या .२२ ची ठिणगी पुंगळीच्या काठाला असते, ती चालत नाही. कोलोराडोत .२४ इंचाच्या आतलं नको. ओहायोत तर रायफलच्या काडतुसाची पुंगळी सरळ भिंतीची हवी, म्हणजे .३०८ तिथं बादच. बदली झाली तर आधी तिथली नियमावली वाचायची. आणि विस्कॉन्सिनात बंदुकीच्या नऊ दिवसांच्या हंगामात कमरेवरचे निम्मे तरी कपडे झगझगीत केशरी नाहीतर गुलाबी घालावे लागतात. हरणाला तो केशरी धड दिसत नाही, माणसांना दिसतो. त्या नऊ दिवसांत रानात बंदूकवाले फार असतात.

एक गोष्ट मी त्याच्याकडून वदवून घेतली. हरणाच्या मागं काय आहे? .३०८ ची गोळी वर रोखून सुटली तर रंकाळ्यावरून निघून स्टेशनच्या पलीकडं जाऊ शकते. हरीण टेकाच्या माथ्यावर, मागं मोकळं आभाळ, तर बार काढायचा नाही, शिंगं कितीही मोठी असोत. मागं मातीचा उतार पाहिजे. आणि बार काढल्यावर लगेच धावत सुटायचं नाही. अर्धा तास थांबायचं. जखमी जनावर मागं कुणी येत नसेल तर जवळच बसतं, पाठलाग झाला तर उठून लांब जातं.

भाच्यानं शेवटी .३०८ घेतली. कारण मामांचं गणित नव्हे, गावातल्या प्रत्येक दुकानात तिची काडतुसं मिळतात आणि सरावाची स्वस्त पडतात, हे त्याला त्याच्या मित्रानं सांगितलं. कारण चांगलं आहे, मी वाद घातला नाही.

परवा त्यानं टार्गेटचा फोटो पाठवला. शंभर यार्ड, तीन बार. भोकांशेजारी मोजपट्टी ठेवली होती, तेवढी अक्कल आली म्हणायची. मी तिच्यावरनं मापं कागदावर उतरवली आणि डब्यातला रुपया काढून ठेवून बघितला. तिन्ही भोकं रुपयाखाली झाकली गेली. रायफल उत्तम आहे, वाद नाही.

"बसून मारलेस की उभं राहून?" मी लिहिलं.

"टेबलावर मामा, वाळूच्या पिशव्यांवर टेकवून."

"रानात टेबल असतं का? आता उभं राहून मार, आणि झाडाला टेकून मार. समोर कागदाची भाकरी कापून लाव. तीन बार. त्याचा फोटो पाठव."

दोन्ही बरोबरच्या खुणा निळ्या झाल्यात. फोटो अजून आलेला नाही.